खुकुरीची पारख: लख्ख पात्याच्या पलीकडे काय पाहावे

काठमांडूच्या ठमेल भागातल्या खुकुरीच्या दुकानात शिरले की भिंतभर लख्ख पाती टांगलेली दिसतात. आकाराने जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन खुकुऱ्यांच्या किमतीत तिप्पट-चौपट अंतर का आहे, हे मात्र गिऱ्हाइकाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. आपल्याकडे जिला सर्रास कुकरी म्हणतात, तीच ही. विकणारा आवर्जून पुढे करतो त्या गोष्टींचा, म्हणजे पात्यावर कोरलेली नक्षी, मुठीच्या टोकाचे पितळी सिंहमुख, म्यानावरचे चांदीचे काम यांचा, हत्यार म्हणून खुकुरी कशी आहे याच्याशी काडीचाही संबंध नसतो. ज्यांचा संबंध असतो त्या गोष्टी तीन आहेत: धार आणि पाठ यांच्या कडकपणात किती फरक आहे, पात्याची जाडी कुठून कुठे कशी उतरत गेली आहे, आणि मुठीच्या आत पात्याचा किती भाग शिरलेला आहे. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, दुसरी दिसते पण सहसा कोणी पाहत नाही आणि तिसरी झाकून ठेवणे विकणाऱ्याला सहज जमते. हाताने घडवलेल्या वस्तूत थोडा ओबडधोबडपणा असायचाच. पण तो नेमका कुठे खपवून घ्यायचा आणि कुठे अजिबात नाही, हे या तीन गोष्टी समजल्याखेरीज ठरवता येत नाही.

खुकुरीची ओळख जगाला झाली ती लष्करी हत्यार म्हणून. १८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनीचे नेपाळशी युद्ध झाले, त्यात नालापानीच्या किल्ल्यासारख्या ठिकाणी कंपनीच्या फौजेला या हत्याराचा जवळून परिचय झाला, आणि गोरखा पलटणी उभ्या राहिल्यावर खुकुरी त्यांचे चिन्हच बनली. पण पूर्व नेपाळच्या डोंगरातल्या घरात ती आधी रोजच्या वापराची वस्तू आहे. जळणाची लाकडे फोडणे, फांद्या छाटणे, बांबू चिरणे, मांस तोडणे आणि दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या सुमारास, बोकडाचा बळी देणे ही सगळी कामे तीच करते. म्हणून ‘चांगली खुकुरी कोणती’ या प्रश्नाला ‘कशासाठी’ हा पोटप्रश्न जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. सिरु नावाच्या गवताच्या पात्यावरून नाव पडलेली सिरुपाते खुकुरी लांबट, सडपातळ आणि चपळ असते. ओले हिरवे तोडायला ती उत्तम, पण वाळक्या ओंडक्यावर हाणायला अपुरी पडते. भोजपूर जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी भोजपुरे पोटाशी रुंद असते आणि घाव घालण्यासाठीच घडवलेली असते. चांदीने मढवलेल्या म्यानातली कोठीमोरा ही मानाची आणि भेटीची वस्तू. तिच्याकडून लाकूड फोडण्याची अपेक्षा कोणी करत नाही.

प्रथम पोलादाविषयी, कारण सर्वात जास्त बढाया त्याच बाबतीत ऐकू येतात. आज नेपाळात घडवल्या जाणाऱ्या बहुतेक खुकुऱ्या ट्रक आणि बसच्या मोडीत निघालेल्या कमानपाट्यांपासून होतात, आणि हे पोलाद या कामाला खरोखर योग्य आहे. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान कार्बन असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. कार्बन एवढा असला की पाते तापवून एकदम थंड केल्यावर कडक होते, आणि फार जास्त नसल्यामुळे ते काचेप्रमाणे ठिसूळही होत नाही. जुन्या रेल्वे रुळांचे पोलादही या जातीत बसते. बांधकामाच्या सळया किंवा पत्रे यांच्या साध्या लोखंडात कार्बन इतका कमी असतो की त्याला कितीही पाणी पाजले तरी धार टिकत नाही. दुकानदार ‘हा मर्सिडीज ट्रकचा पाटा आहे’ असे सांगतो, तेव्हा ते खरे असेलही. पण कमानपाटा कोणत्या कंपनीच्या गाडीचा होता यापेक्षा तो भट्टीत कसा हाताळला गेला याला शंभर पट महत्त्व आहे. उलट जुन्या पाट्याची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे खड्ड्यांचे धक्के खाल्लेल्या पाट्यात केसाएवढ्या भेगा पडलेल्या असू शकतात, आणि आत गंज शिरलेली भेग घणाच्या घावांनी सांधली जात नाही, ती फक्त चेपली जाते. अनुभवी कारागीर असे पाटे आधीच बाजूला काढतो. घाईत असलेला काढत नाही.

आता मुख्य गोष्ट. हत्याराला पाणी पाजणे ही क्रिया आपल्याकडच्या लोहारशाळेतही चालते, पण नेपाळी कामी, म्हणजे तिथला लोहार, ती ज्या रीतीने करतो ती समजून घेण्यासारखी आहे. कामीच्या लोहारशाळेला तिथे आरन म्हणतात. पाते घडवून आणि कानसून झाले की ते कोळशात लालभडक होईपर्यंत तापवले जाते. साधारण ७७० अंश सेल्सियसच्या पुढे पोलादाला चुंबक चिकटत नाही, आणि त्याच्या आणखी थोडे वर गेले की आतली स्फटिकांची रचना बदलून कार्बन त्यात विरघळतो. या अवस्थेतून ते एकदम थंड झाले तर कार्बन अडकून पडतो आणि पोलाद अतिशय कडक होते. सावकाश थंड झाले तर मऊ आणि चिवट राहते. कामीला एकाच पात्यात हे दोन्ही हवे असते. म्हणून तो अख्खे पाते पाण्यात बुडवत नाही. धार वर करून पाते धरले जाते, आणि किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या फक्त कडेवर, पुढे-मागे अशी सोडली जाते. कड चर्र होऊन काळवंडते, पाठ मात्र अजून लाल असते. आता पाणी थांबवले की पाठीच्या जाड भागातली उष्णता हळूहळू धारेकडे परत सरकते. उघड्या पोलादावर त्या वेळी रंग चढताना दिसतात, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि त्या रंगांवरून कामी धारेचा नको तितका कडकपणा किती उतरला याचा अंदाज घेतो. एक क्षण आधी थांबला तर धार ठिसूळ राहते, एक क्षण उशीर झाला तर मऊ पडते. नेपाळीत याला पाइन म्हणतात. खुकुरीच्या किमतीतला खरा वाटा या मिनिटाभराच्या कामाचा असतो, आणि विकत घेणाऱ्याला ते काम पाहायला मिळत नाही.

हे नीट जमले असेल तर पोटाची धार रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५५ किंवा थोडी वर भरते, आणि पाठ त्याहून कितीतरी मऊ राहते. शिवाय सबंध धार एकसारखी कडक नसते. ज्या भागाने घाव बसतो तो फुगीर पोटाचा भाग सर्वात कडक असतो, टोक त्याहून कमी आणि मुठीजवळची धार आणखी मऊ. हा दोष नव्हे. टोक रुतवून मुरडले किंवा मुठीजवळ दणका बसला तर तिथे चिवटपणाच कामी येतो.

न दिसणारा कडकपणा ओळखायचा कसा? सर्वात सोपे साधन म्हणजे बारीक दातांची कानस. दुकानदाराची परवानगी घेऊन पोटाच्या धारेलगत कानशीचा एक हलका हात फिरवावा. चांगल्या धारेवर कानस घसरते, किंचित किणकिणते आणि जवळजवळ खूण उमटत नाही. तीच कानस पाठीवर फिरवली की ती चावते आणि बारीक चुरा निघतो. दोन्हीकडे चावली, तर पात्याला पाणी पाजलेलेच नाही किंवा नंतर ते उतरले आहे. दोन्हीकडे घसरली, तर सगळे पाते सारखेच कडक आहे. अशी खुकुरी कागद सुरेख कापते आणि गाठीवर घाव बसला की मधूनच तुटू शकते. पर्यटकाला दाखवला जाणारा कागद कापण्याचा प्रयोग म्हणूनच फसवा असतो. मऊ लोखंडालाही तात्पुरती वस्तऱ्यासारखी धार लावता येते. प्रश्न ती किती वेळ टिकते हा आहे.

दुसरी परीक्षा जरा नाजूक आहे. धारेची अगदी कड पितळेच्या सळईवर तिरकी टेकवून किंचित दाबली की ती दबते. दाब काढल्यावर ती जागेवर परत आली तर उत्तम, वाकलेलीच राहिली तर मऊ, आणि तिथे कपची उडाली तर ठिसूळ. ही चाचणी बारीक धारेच्या सुरीवर जास्त स्पष्ट दिसते, खुकुरीची धार जाड असल्यामुळे तिथे हात सरावाचा हवा. तिसरी आणि सगळ्यात प्रामाणिक परीक्षा अर्थातच वापराची. वाळलेल्या कठीण लाकडावर किंवा सुक्या बांबूच्या पेऱ्यावर वीसेक घाव घालावेत आणि मग पाते उजेडासमोर असे धरावे की धार थेट डोळ्यांकडे येईल. शाबूत धारेवर उजेड परावर्तित होत नाही, ती नुसती काळी रेघ दिसते. जिथे चकाकणारा ठिपका दिसेल तिथे धार दुमडली किंवा तुटली आहे. नखावर धार हलकेच ओढली की फरक कळतो: दुमडलेली जागा एका बाजूला अडखळते, तुटलेली करवतीसारखी खरखरते. एखाद-दुसरा ठिपका दगडावर घासून जातो आणि त्याने बिघडत नाही. पोटाची अर्धी लांबी दुमडली असेल, तर मात्र तिला पुन्हा पुन्हा धार लावूनही निभावणार नाही.

घाव न घालताही एक गोष्ट सहज पाहता येते. धारेच्या जवळ निळसर किंवा जांभळट झाक उरली असेल, तर समजावे की शेवटची धार काढताना विजेच्या ग्राइंडरवर पाते जास्त तापले आणि तेवढ्यापुरते पाणी उतरले. कामीने घेतलेली सगळी मेहनत पॉलिशवाल्याने पाच मिनिटांत वाया घालवल्याची ही खूण असते. जास्तच लख्ख केलेल्या पात्यावर हा डागही पुसला जातो. म्हणून माझा कल नेहमीच थोड्या मंद, कानशीचे बारीक ओरखडे दिसणाऱ्या पात्याकडे असतो.

जाडीकडे वळू. चांगल्या खुकुरीची पाठ मुठीजवळ ८ ते १० मिलिमीटर, कधी त्याहूनही जाड असते आणि टोकाकडे जाता जाता ती सलग पातळ होत जाते. हा उतार घणाखाली येतो. सपाट पट्टीतून खुकुरीचा आकार कापून काढलेला असेल, तर पाठ सुरुवातीपासून जवळजवळ टोकापर्यंत एकाच जाडीची राहते, आणि असे पाते हातात घेतले की पुढच्या बाजूला जड लोंबते. पात्याचा आडवा छेदही पाहावा. पाठीपासून धारेपर्यंत पृष्ठभाग किंचित फुगीर असायला हवा, कारण धारेच्या मागे असलेल्या त्या मांसामुळे घाव लाकडात अडकून न राहता लाकूड फाकते. अंगखोला नावाच्या प्रकारात पाठीलगत दोन्ही अंगांना खोलगट भाग असतो; त्याने वजन कमी होते आणि पाठीची ताकद राहते. पात्यावर पाठीला समांतर कोरलेल्या खाचा, ज्यांना नेपाळीत चिर्रा म्हणतात, त्याही याच हेतूने आल्या. मात्र हल्लीच्या पुष्कळ खुकुऱ्यांवर त्या नुसत्या ग्राइंडरने ओढलेल्या रेघा असतात.

वजनाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. जड खुकुरी म्हणजे दणकट खुकुरी असे घेणाऱ्याला वाटते, आणि विकणाराही मग तसाच माल ठेवतो. दहा-अकरा इंची पात्याची कामाची खुकुरी साधारण अर्धा ते पाऊण किलोच्या घरात असते. गावात दिवसभर ती वापरणारा माणूस किलोभराचे पाते कधीच उचलणार नाही. वजनापेक्षा तोल महत्त्वाचा: पाठ एका बोटावर आडवी तोलून धरली तर तोलाचा बिंदू मुठीच्या पुढे, पात्यावर चार-पाच बोटांच्या अंतरावर यावा. तो फारच पुढे गेला तर मनगट दुखते, मुठीशी आला तर घावाला जोर राहत नाही.

यानंतर एक डोळा मिटून पाठीच्या रेषेत नजर टाकावी. पाते सरळ आहे का, आणि मूठ त्याच रेषेत आहे का, हे दोन्ही तेव्हा कळते. मूठ थोडीशी जरी पिळवटलेली असली तरी धार लाकडावर काटकोनात न पडता तिरकी पडते, घाव निसटतो आणि क्वचित पायावर येतो. हाताने घडवल्याचे कारण सांगून हा दोष कोणी पदरात टाकू पाहील, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. पाठीवर घणाचे ठसे आहेत, दोन्ही बाजूंच्या चिर्रा बरोबर जुळत नाहीत, नक्षीची ओळ हलली आहे, म्यानाची शिवण वेडीवाकडी आहे, हे सगळे मात्र खुशाल चालू द्यावे. त्याने कामात तसूभरही फरक पडत नाही.

मुठीजवळच्या धारेत जी छोटी खाच असते, तिला कौडी म्हणतात. ती रक्त थांबवण्यासाठी आहे, ते शंकराचे त्रिशूळ आहे, गाईचे खूर आहे, अशी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. म्यानातून काढलेली खुकुरी रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत ही कथाही त्याच जातीची आहे. तसे असते तर भाजी चिरणाऱ्या घराघरात रोज अनर्थ झाला असता. पारख करणाराने कौडीकडे पाहायचे ते एका कारणासाठी. तिचे आतले कोपरे गोलसर आहेत की तीक्ष्ण? तीक्ष्ण कोपऱ्यापाशी दणक्याचा ताण साचतो आणि भेगेची सुरुवात तिथून होते. गोलसर कानसलेली कौडी ही कारागिराने घाई केली नसल्याची बारीकशी पण बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे.

मूठ हा सर्वात जास्त फसवणुकीचा भाग. मुठीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पात्याची मागची बाजू निमुळती होत, उंदराच्या शेपटीसारखी, मुठीत पाडलेल्या भोकातून जाते. दुसऱ्यात ती मुठीइतकीच रुंद राहते आणि दोन बाजूंना शिंगाच्या किंवा लाकडाच्या फळ्या लावून रिबेटा ठोकतात. या दुसऱ्या प्रकाराला पानावल म्हणतात. त्यात सगळे पोलाद कडेने दिसत असल्यामुळे लपवायला जागा नसते, आणि नवख्या गिऱ्हाइकाने कामासाठी खुकुरी घ्यायची असेल तर पानावल घ्यावी हे माझे स्पष्ट मत आहे. पारंपरिक मूठ कमी दर्जाची असते असा याचा अर्थ नाही. नीट बसवलेल्या शेपटीची मूठ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हातावर येणारा हादराही ती कमी पोहोचवते. अडचण एवढीच की शेपूट मुठीच्या बुडापर्यंत आली आहे की निम्म्यात संपली आहे, हे बाहेरून दिसत नाही. मुठीच्या बुडाला पितळेची पट्टी असते, तिला चाप्री म्हणतात. शेपूट आरपार आली असेल, तर तिचे टोक या पट्टीच्या मधोमध ठोकून पसरवलेले दिसते. मात्र तिथे नुसता शोभेचा चौकोनी तुकडा चिकटवूनही तसा भास करता येतो. म्हणून पाते जाड फडक्यात धरून मूठ बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहावी. भरीव आवाज यायला हवा. मध्येच आवाज पोकळ झाला, तर आत काही नाही. मग मूठ घट्ट धरून पाते जोरात झटकावे. अगदी सूक्ष्म खडखडही चालणार नाही. सिंहमुखाच्या पितळी मुठी या परीक्षेत बहुधा नापास होतात.

भोकातली शेपूट पक्की करण्यासाठी नेपाळात लाहा वापरतात, म्हणजे लाखेच्या जातीचा राळेचा लुकण. तो तापवून भोकात भरतात आणि गरम शेपूट त्यात बसवतात. लाहाचा मोठा गुण असा की मूठ कधी सैल झाली तर गरम करून पुन्हा बसवता येते. अवगुण असा की उष्णतेने तो मऊ पडतो. नागपुरात मे महिन्यात बंद गाडीत खुकुरी विसरलात तर चांगल्यातली चांगली मूठही हलू लागेल, आणि तो दोष कामीचा नसेल. हल्ली इपॉक्सीही वापरतात. ते उन्हाला दाद देत नाही, पण एकदा मूठ फुटली की दुरुस्ती अवघड होऊन बसते.

मुठीचे साहित्य म्हणजे बहुतेक वेळा म्हशीचे शिंग किंवा सिसौ, आपले शिसू. शिंग देखणे दिसते, हातात थंड लागते, पण कोरड्या हवेत आक्रसते आणि मुठीच्या तोंडाशी असलेल्या पितळी टोपीजवळ केसभर फट पडते. अशी फट चालते. शिंगात उभी चीर गेली असेल तर चालत नाही. शिंगाला कीडही लागते, म्हणून बारीक भोके पाहावीत. पावसात, घामात, रोजच्या कामात मी लाकडाला पसंती देईन.

म्यानाबरोबर पाठीमागच्या खणात दोन लहान पाती येतात. धारदार असते ती कर्द, बारीक कामांची सुरी. बोथट असते ती चकमक, गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायची आणि खुकुरीची दुमडलेली धार ओढून सरळ करायची. या दोघी म्हणजे कारखान्याच्या प्रामाणिकपणाची चाचणीच आहे, कारण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. चकमक कडक नसेल तर तिचा काहीच उपयोग नाही, आणि स्वस्त मालात ती सरळ साध्या लोखंडाची पट्टी असते. कानस चकमकीवर फिरवून पाहा. ती घसरली तर मुख्य पात्याविषयीही मनात जरा विश्वास ठेवायला हरकत नाही. म्यान लाकडाच्या दोन फळ्यांवर बहुधा म्हशीचे कातडे चढवून करतात. उलटे धरले तर खुकुरी पडू नये, आणि काढताना ओढाताण करावी लागू नये. काढताना म्यान पाठीच्या बाजूने धरावे, त्याभोवती बोटे आवळून नव्हे. कारण धारेकडचा सांधा उलगडला असेल, तर पाते फळ्यांमधून बाहेर येते आणि बोटे कापतात.

एवढ्या परीक्षा आज का लागतात, याला एक सामाजिक कारण आहे. पूर्वी गावातला कामी घराघराशी बांधलेला असे. वर्षाला ठरलेले धान्य घ्यायचे आणि वर्षभर त्या घरची सगळी लोखंडी हत्यारे घडवायची, शेवटायची, दुरुस्त करायची, असा हा करार होता. त्याला बाली म्हणत. महाराष्ट्रातल्या बलुत्यापेक्षा तो फारसा वेगळा नव्हता. कामीने बनवलेली खुकुरी वर्षाच्या आत त्याच्याच ऐरणीवर परत यायची, धार दुमडली असेल तर त्याला तोंड द्यावे लागायचे. गुणवत्तेची हमी त्या परत येण्यात होती. पर्यटकाने नेलेली खुकुरी परत येत नाही, आणि बहुतेकदा ती भिंतीवरून खालीही उतरत नाही. तिला कोणी पाणी नीट पाजले की नाही हे कोणाला कळणार? दिसणाऱ्या गोष्टींवर मेहनत घेणे आणि न दिसणाऱ्या वाचवणे, हा मग सरळ हिशेब होतो.

बाली ही काही गोड गोष्ट नव्हती, हेही सांगायला हवे. कामी समाजाला, ज्यांची आजची ओळख विश्वकर्मा या आडनावाने आहे, १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने अस्पृश्यांत टाकले होते. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनने ते कायद्यातून काढले, तरी माणसांच्या मनातून ते सगळे गेलेले नाही. ज्याच्या हातची खुकुरी देशाच्या पराक्रमाची खूण म्हणून मिरवली जाते, त्यालाच उंबऱ्याबाहेर बसवण्याची ही रीत होती. आरनातली तरुण मुले आज आखाती देशांत आणि मलेशियात कामाला जातात, यात नवल नाही. म्हणून दुकानात ‘ही कोणी घडवली, कोणत्या गावात’ हे जरूर विचारावे. भोजपूर, धरान किंवा काठमांडू खोऱ्यातला कारखाना असे नेमके उत्तर देणारा दुकानदार बहुधा मालाचीही माहिती बाळगून असतो. आणि कारागिराचे नाव किंवा खूण पात्यावर असेल, तर थोडे जास्त पैसे खुशीने द्यावेत.

जुन्या खुकुरीची पारख हा स्वतंत्र विषय आहे, पण मराठी वाचकाला त्यात एक आयती सोय आहे. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुन्या शस्त्रांचा मोठा साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, आणि तेव्हापासून नेपाळी फौजेच्या जुन्या खुकुऱ्या जगभर विकल्या जातात. त्यातल्या पुष्कळांवर देवनागरी अक्षरे आणि आकडे आहेत. ‘श्री ३’ म्हणजे राणा घराण्याचा पंतप्रधान. ‘श्री ३ चन्द्र’ असे असेल तर ते १९०१ ते १९२९ या काळात सत्तेवर असलेल्या चंद्र शमशेरचे. सन विक्रम संवतात असतो. शकाप्रमाणे ७८ मिळवण्याची सवय इथे कामाची नाही, विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, आणि संवताच्या अखेरच्या तीन-चार महिन्यांसाठी ५६. महायुद्धांच्या काळातल्या ब्रिटिश फौजेच्या अनेक खुकुऱ्या हिंदुस्थानात बनल्या, त्यांवर इंग्रजी सन आणि सरकारी बाणाचा शिक्का असतो. या शिक्क्यांची नक्कल सर्रास होते. खरा शिक्का पात्याबरोबर झिजलेला असतो, त्याच्या कडा बोथटलेल्या आणि आत तोच जुना काळपटपणा. गंजलेल्या पात्यावर कडा ताज्या तीक्ष्ण दिसत असतील, तर शिक्का कालचा आहे. जुन्या पात्यावरचा काळा थर घासून लख्ख करण्याचा मोह आवरावा, कारण त्याबरोबर अर्धी किंमत जाते.

भारतात आणताना कायदा माहीत असावा. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांमध्ये खुकुरीचे नाव स्पष्ट घेतलेले आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात त्यांना परवाना लागतो. घरगुती आणि शेतीच्या हत्यारांना सूट असली, तरी कमरेला लावून बाजारात फिरणे ही शेती होत नाही. विमानात ती केवळ चेक-इनला सोडायच्या सामानातच न्यावी.

राहिला जपणुकीचा भाग. कमानपाट्याचे पोलाद गंजते, आणि कोकणातल्या जून-जुलैत तर पाहता पाहता गंजते. म्यानाचे कातडे ओल धरून ठेवते, म्हणून वापर नसताना पाते म्यानाबाहेर, तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावे आणि बोटांचे ठसे राहू देऊ नयेत. मुठीच्या तोंडाशी, जिथे पोलाद पितळी टोपीत शिरते, तिथे तेलाचा थेंब सोडायला विसरू नये. गंज बाहेरून दिसायच्या आधी तिथेच शेपटीला लागलेला असतो.